जोडावरची रेघ

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या वाडीत पाणी येणार होते.

वाडी एकतीस घरांची. तिच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पोटात एक झरा होता. बारमाही, गोड आणि लांब. तिथवर जाणारी वाट एकेरी आणि कातळातली. उतरताना डोक्यावर हंडा असला की पाऊल कुठे पडते आहे ते दिसत नसे. कित्येक पिढ्या त्या वाटेने बायका पाणी वाहत आल्या होत्या. पुरुषांना ती वाट ठाऊक नव्हती असे नाही. गुरे चारायला नेताना तीच वाट लागे.

अखेर वाडीने मनावर घेतले. झऱ्यापासून वाडीपर्यंत प्लास्टिकचा पाइप टाकायचा ठरले. पाइप ग्रामपंचायतीने दिले, चर खोदायला घरटी एक माणूस निघाला आणि जोडकामासाठी खालच्या बाजारगावातून एक वृद्ध मिस्त्री वर आला. चाळीस वर्षे त्याने नळाचीच कामे केली होती. त्याने एकच अट घातली.

"मी काही इथे राहणार नाही. माझ्या मागे एखादा जोड सुटला तर बघणारं माणूस वाडीतलं हवं. एक जण मला शिकायला द्या."

तरुण पोरे शहरात कामाला गेलेली. उरलेले पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा मंजुळा पुढे झाली. बावीस वर्षांची, बारावीपर्यंत शिकलेली; झऱ्याच्या वाटेवर आईबरोबर जन्म काढलेली.

वाडीचे कारभारी हसले. "आजवर बायकांनी पाणी आणलं. आता पाइप पण बायकाच जोडणार व्हय? मग आम्ही करायचं काय?"

"तुमी हंडं घासा की, कारभारी," मंजुळाची आई धोंडाबाई मागून म्हणाली. "न्हाईतरी मोकळंच बसलेलं असतासा."

सगळे खळखळून हसले. कारभारीही हसले, पण ते बोलणे त्यांना लागले, हे मंजुळाने पाहिले. आपल्या हातून एक जरी चूक झाली तरी या हसण्याची भरपाई आपल्याला करावी लागणार, हे तिला त्याच क्षणी उमगले.

मिस्त्री एवढेच म्हणाला, "मला डोळे हवेत आणि हात हवेत. ते कुणाच्या अंगाला आहेत, हे मी बघत नाही."

पहिले आठ दिवस त्याने तिला चराजवळ फिरकू दिले नाही. पाइपाचे वाया गेलेले तुकडे समोर टाकून तो तिला शिकवीत राहिला. पाइपाभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडेने सरळ काप घ्यायचा. कापल्यावर निघालेली कूस चाकूने खरवडायची. टोक कोरड्या फडक्याने पुसायचे, मग प्लास्टिक साफ करणाऱ्या द्रावात भिजवलेल्या चिंधीने पुन्हा पुसायचे. या पाइपांचे एक टोक साधे आणि दुसरे फुगीर तोंडाचे होते. एकाचे साधे टोक दुसऱ्याच्या तोंडात चार बोटे आत जायचे. दोन्हीकडे जोडायच्या सोल्युशनचा पातळ हात फिरवायचा, टोक आत दाबायचे, दाबता दाबता किंचित पिळायचे.

"हा डिंक समजू नकोस," तो सांगे. "डिंक दोन वस्तू चिकटवतो. हे प्लास्टिकला मऊ करतं. दोन्ही अंगं वितळतात आणि एक होतात. नीट जमलं तर जोड कुठे होता, ते पाण्याला कळत नाही."

पण तो सर्वांत जास्त वेळ खर्च करी तो दोन गोष्टींवर. पहिली रेघ. टोक आत घालण्याआधी त्यावर चार बोटे मोजून जाड पेन्सिलीने गोल रेघ ओढायची. टोक पुरते आत गेले की रेघ बरोबर तोंडाला टेकते. दुसरी गोष्ट म्हणजे धरून बसणे. जोड झाला की दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरायचा आणि शंभर आकडे मोजायचे.

"टेकली ना रेघ, मग झालं की," मंजुळा अधीर होऊन म्हणे.

"टेकणं वेगळं आणि टेकून राहणं वेगळं, पोरी. तोंड आतून निमुळतं असतं आणि सोल्युशन ओलं असतं. हात सोडलास की पाइप हळूच मागे सरतो. आवाज नाही, काही नाही. त्यातून ही थंडी. मोज शंभर, आणि पळापळीत नको मोजूस."

तो स्वतः जोड धरून बसला की डोळे मिटून घेई. वाडीतल्या बायका म्हणत, मिस्त्री जप करतोय.

जोडकामाच्या पहिल्या दिवशी त्याच बायका हळदकुंकवाचे तबक घेऊन चरावर आल्या. धोंडाबाईने तेलात कालवलेले कुंकू बोटावर घेतले आणि पाइपाच्या टोकाला लावायला हात पुढे केला. मिस्त्रीने घाईघाईने हात जोडले.

"माय, देवाला चालेल, पण जोडाला चालणार नाही. जोडाच्या जागी धूळ नको, पाणी नको, आणि तेल तर बिलकुल नको. एक वीत मागं लावा. तिथून देवालाही दिसेल."

"देवाला चष्मा हाय व्हय?" धोंडाबाई म्हणाली, पण तिने वीतभर मागे लावले. वाडीच्या प्रत्येक पाइपावर मग टोकापासून एक वीत सोडून कुंकवाचे बोट उमटत गेले.

पंधरवडा गेला. मिस्त्रीने खालचा टप्पा आणि टाकीचे काम आपल्याकडे ठेवले आणि झऱ्यापासून मधल्या वळणापर्यंतचे शेहेचाळीस जोड मंजुळावर सोपवले. एकटीवर. कारभाऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण मिस्त्रीचे तोंड पाहून ते गप्प राहिले. येत्या सोमवारी पाणी सोडायचे, असे मात्र त्यांनी सर्वांदेखत जाहीर केले. वाडीच्या लग्न होऊन गेलेल्या लेकींना निरोप गेले. माहेरी आल्या की याच लेकींना आईच्या कळशीखाली डोके द्यावे लागत असे. पाणी दाराशी येताना त्यांनी पाहिले पाहिजे, असे सर्वांनाच वाटत होते.

मंजुळाने सत्तावीस जोड निर्दोष केले. अठ्ठाविसावा गुरुवारी सकाळी केला.

तो अवघड उतारावर होता. तिने टोक दाबले, पिळले, रेघ तोंडाला टेकली. दोन्ही हातांनी पाइप धरून ती मोजू लागली. बारा, तेरा, चौदा. इतक्यात खालच्या वाटेवर भांडे आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ तिच्या आईचे "आई गं!"

हात केव्हा सुटले ते तिला कळलेही नाही. ती धावत खाली गेली तेव्हा धोंडाबाई वाटेतच गुडघा धरून बसली होती. हंडा गडगडत जाऊन करवंदीच्या जाळीत अडकला होता. मोडले काही नव्हते, पण गुडघा टम्म सुजला होता, आणि उन्हात पाणी सांडून काळा पडलेला कातळ त्या बाईला गुडघ्यापेक्षा जास्त छळत होता.

"अर्धी वाट आणलं हुतं गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "अर्धी वाट."

मंजुळाने तिला आधार देत घरी नेले, गुडघ्याला फडके बांधले, स्वतः झऱ्यावर जाऊन हंडा भरून आणला आणि मग ती जोडाकडे परतली. पाइप मागे सरला होता. चार बोटांतली दोन बोटे बाहेर, आणि रेघ तोंडापासून दूर, उघडीवाघडी. सोल्युशन आवळून बसले होते. तिने सगळा जोर लावून दाबून पाहिले. पाइप तसूभर हलला नाही.

तिला काय करायला हवे ते ठाऊक होते. जोड कापून काढायचा, मधे नवा तुकडा घालायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन सॉकेट, म्हणजे दुतोंडी जोडनळ्या, बसवायच्या. पण वाडीत एकही सॉकेट शिल्लक नव्हता. बाजारगावाला जायला-यायला एक दिवस, सुकायला एक दिवस; पुढचे अठरा जोड तेवढे मागे पडणार आणि सोमवार हुकणार. लेकी येऊन परत जाणार. कारभारी काय बोलतील, ते तर तिला पाठच होते. आणि सुजलेल्या गुडघ्याने आई आणखी दोन दिवस ती वाट चढणार.

निम्मा पाइप तर आत आहे, तिने स्वतःला समजावले. सोल्युशन भरपूर लावले आहे.

मग तिने द्रावाची चिंधी घेतली, ती रेघ पुसून टाकली आणि अगदी तोंडाला टेकवून नवी रेघ ओढली.

शनिवारी मिस्त्री तपासायला वर आला. एकेका जोडापाशी वाकत, बोटाने चाचपत तो निघाला. अठ्ठाविसाव्यापाशी त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि पुढे गेला.

"थंडी फार पडली आहे यंदा," तो म्हणाला.

रविवारी खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून त्याने झऱ्याचे पाणी पाइपात भरले आणि दोन तास तसेच ठेवले. मंजुळा अठ्ठाविसाव्या जोडापाशी बसून राहिली. एक थेंबही आला नाही. तिने बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे निघाले. तिला वाटले, सुटले. पण घरी जाताना पाय नेहमीसारखे पडेनात. आई चुलीपुढे बसून हसत म्हणाली, "उद्यापास्नं मी त्या वाटंला सांगणार हाय, बाई, तुजं न् माजं संपलं." मंजुळाने ताट बाजूला सारले.

सोमवारी सकाळी सारी वाडी फावडी घेऊन चरावर जमली. प्रत्येक घराने आपापल्या वाट्याचा चर बुजवायचा आणि मग पाणी सोडायचे, असे ठरले होते. लेकी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. कारभाऱ्यांच्या हातात नारळ होता.

आणि त्या वेळी मिस्त्रीने एक विचित्र गोष्ट केली.

हातात द्रावाची चिंधी घेऊन तो झऱ्याशी गेला आणि पहिल्या जोडापासून एकेक रेघ पुसत खाली येऊ लागला. वाकायचा, गोल चिंधी फिरवायचा, रेघ नाहीशी करायचा, पुढे जायचा. लोक फावड्यांवर रेलून बघत राहिले.

"पाइपास्नी अंघोळ घालतोय म्हातारा," कुणीतरी म्हणाले.

"घालू दे. मुहूर्त हाय," दुसरे म्हणाले, आणि हशा पिकला.

मंजुळा धावत वर गेली. "बाबा, रेघा कशाला पुसताय?"

"काम झालं की," त्याने मान वर न करता उत्तर दिले. "आता मातीखाली कोण बघायला जाणार आहे?"

तो पुसत खाली आला. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठाविसाव्यापाशी वाकला. इतर जोडांना लागला तेवढाच वेळ घेऊन त्याने तिची ती खोटी रेघही पुसली आणि एकोणतिसाव्याकडे वळला.

मंजुळा तिथेच उभी राहिली. पांढराशुभ्र पाइप, मागच्यापुढच्या जोडांसारखाच एक जोड. कालचे पाणी त्याच्यातून सांडले नव्हते. रेघ आता राहिली नव्हती. या जोडात फक्त दोन बोटे पाइप आहे, हे आता जगात कुणाला शोधून काढता आले नसते. ते फक्त तिला ठाऊक होते. ती पकडली जाण्याची भीती कायमची गेली होती. भीती गेली की मन हलके होईल, असे तिला चार दिवस वाटत होते. प्रत्यक्षात छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले. तिला पुढचा पावसाळा दिसला; भिजून सरकणारी माती, उन्हाने ताणलेला आणि गारठ्याने आखडलेला तो अर्धामुर्धा जोड, कोरडी पडलेली टाकी; आणि गळते कुठे ते शोधायला अख्खा उतार खणणारी माणसे. त्यांच्यात फावडे घेऊन उभी असलेली ती स्वतः.

खाली कारभाऱ्यांनी हात वर केला. "चला, टाका माती!"

"थांबा!"

आपला आवाज इतका मोठा निघेल, असे तिला वाटले नव्हते. सारी वाडी वर पाहू लागली.

"हा जोड बुजवू नका. हा कच्चा आहे."

कारभारी चढून वर आले. "कच्चा? काल तर एक थेंब न्हाई गळला!"

"आजपण नाही गळायचा, कारभारी. पावसाळ्यात सुटेल. चार बोटं आत जायला पाहिजे होतं, दोनच गेलं आहे. रेघ मागं राहिली होती. मी ती पुसली आणि दुसरी काढली."

कारभाऱ्यांचा चेहरा तांबडा झाला. "म्हंजी आमच्या डोळ्यांत धूळ टाकली म्हण की! म्हणत हुतो मी, हे पोरीबाळींचं काम न्हवं. लेकी आल्यात सासरवरनं, नारळ हाय हातात, आन् आता सांगतीस?" ते मिस्त्रीकडे वळले. "आन् तुमी? तुमी तपासलं न्हवतं?"

"तपासलं होतं."

"मग?"

"मग काय? जोडणारी स्वतः सांगते आहे. जोडाचं तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक कसं असणार?"

गर्दीतून वाट काढत, गुडघा आवरत धोंडाबाई पुढे आली. "कुठला जोड गं ह्यो?"

मंजुळाने मान खाली घातली. "तू पडलीस तवाचा."

धोंडाबाई लेकीकडे बघत राहिली. मग ती सावकाश चराच्या काठावर बसली आणि तिने त्या पाइपावर हात ठेवला. "मग ह्यो माजाच जोड म्हणायचा की," ती म्हणाली. कारभाऱ्यांकडे वळून तिने आवाज चढवला. "ल्योक चुकला असता तर म्हणला असतासा, हुतंय, नवीन हाय. बायांनो, हंडं काढा. दोन दिस काय जास्त न्हाईत. आन् कारभारी, या दोन दिसांत एक खेप तुमी बी करा. म्हंजी पोरीचं हात का सुटलं ते कळंल."

एक लेक हसली. मग तिच्यामागे आणखी दोघी. नव्या साड्यांचे पदर खोचून त्या हंडे आणायला घरांकडे निघाल्या. कारभाऱ्यांनी हातातला नारळ नातीच्या हाती दिला, वहाणा घट्ट केल्या आणि विचारले, "काय आणायचं बाजारातनं?"

"दोन सॉकेट," मंजुळा कशीबशी म्हणाली. "दोन इंची."

ते गेल्यावर मिस्त्रीने वरचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपातले पाणी काढून टाकले आणि करवत तिच्या हाती दिली. तिने जोडाच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापला. निघालेला तुकडा त्याने मांडीवर आडवा धरला, उभा चिरला आणि तिच्यापुढे ठेवला. तोंडाच्या कडेला दोन बोटे दोन्ही पाइप एकजीव झाले होते. आतली दोन बोटे मोकळी पोकळी; तिच्यात वाळलेले सोल्युशन आणि कालच्या पाण्याचा ओलावा.

"बघ. खोटा जोड पहिल्या दिवशी खऱ्यासारखाच वागतो. म्हणून तर तो धोक्याचा."

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"शनिवारीच कळलं होतं. टोक दाबलं की तोंडाशी सोल्युशनचं कडं बाहेर येतं; खरी रेघ त्या कड्याखाली जाते. तुझी त्या कड्यावर चढली होती."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रीने करवतीचे पाते पुसले. बोलताना तो तिच्याकडे पाहत नव्हता. उताराच्या टोकाशी हंडे घेऊन निघालेल्या बायकांची रांग पाहत होता.

"मी बोललो असतो तर तू हा एक जोड बदलला असतास, आणि माझ्या डोळ्यांची भीती बाळगायला शिकली असतीस. मी तर चार दिवसांनी खाली जाणार. मग तू कुणाच्या डोळ्यांना भिणार? मंजुळा, चूक माझीही झाली. मी तुला रेघ ओढायला शिकवली, पण ती कुणासाठी, ते सांगायचं राहिलं. तुला वाटलं, मिस्त्रीने तपासावं म्हणून. रेघ जोडणाऱ्यासाठी असते, पोरी. आत काय आहे ते त्याला बाहेरून कळावं, इतकंच तिचं काम. म्हणून मी सगळ्या पुसल्या. रेघा नसल्या तरी आत काय आहे ते जिला ठाऊक आहे, ती काय करते, ते मला बघायचं होतं."

मंजुळाने चिरलेला तुकडा हातात उलटून पाहिला. "मी आईकडे धावायला नको होतं का?"

"वेडी आहेस. आई पडल्यावर जो जोड धरून बसेल, त्याच्या हातचं पाणी मी पिणार नाही. धावलीस ते बरोबरच. परत आल्यावर जोड बदलायचा सोडून रेघ बदललीस, तेवढं चुकलं."

"आणि आज मी बोललेच नसते तर?"

"तर माझ्या छातीत कळ येणार होती," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "इथे, याच चरात, या जोडावर आडवा पडणार होतो. दोन दिवस मला कुणी हलवू शकलं नसतं. विव्हळायचं कसं, ते रात्री करूनही बघितलं. तुझ्या शिकण्यापायी वाडीचं पाणी मातीत घालीन की काय मी?"

मंजुळाला हसू फुटले. चार दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता डोळे भरून आले तेव्हा तिने तोंड फिरवले, आणि म्हातारा करवत पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी बाजारातून आले. दोन सांगितले होते. त्यांनी सहा सॉकेट आणले. "असू द्या. पावसाळ्याला लागतील," एवढे बोलून ते वळले. संध्याकाळी ते डोक्यावर कळशी घेऊन कातळाची वाट उतरताना दिसले. वाटेत दोनदा बसले, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या धोंडाबाईने दोन्ही वेळा मुद्दाम दुसरीकडे पाहिले.

मंजुळाने दोन नवे जोड केले. पाइपाची टोके तिने उन्हात धरून सुकवली, तीनदा पुसली, रेघ ओढली, सोल्युशन लावले, दाबले, पिळले, आणि शंभरावर आणखी शंभर मोजले. मग ते अख्खा दिवस कुणाला शिवू दिले नाहीत.

बुधवारी दुपारी पाणी सोडले. सारी वाडी खाली टाकीशी गोळा झाली होती. मंजुळा गेली नाही. ती वरच, नव्या जोडापाशी चरात गुडघे टेकून बसली होती. तिच्या तळव्याखाली पाइप आधी कोमट होता. मग आतून एक थरथर आली, आणि हळूहळू तो गार पडत गेला. खालून आरडाओरड ऐकू आली, हंडे वाजले, कुणीतरी रडत होते की हसत होते, इतक्या वरून कळत नव्हते.

ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने काठी टेकत मिस्त्री वर आला आणि चराच्या काठाशी थांबला.

"बाबा, एकदा बघता का, गळतंय का ते?"

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग मी कशाला बघू?" म्हातारा म्हणाला. "मी खाली जातो. मला तहान लागली आहे."

तो वळला आणि उतरू लागला. एकदाही त्याने मागे पाहिले नाही. मंजुळा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी माती उचलली आणि जोडावर पहिली ओंजळ घातली.

आपल्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे एखादी रेघ पुसून सोयीच्या जागी ओढलेली असते. माती पडण्यापूर्वी तिथवर परत चालत जाता येते.